सात मैलांची दरड आणि माळकरी बागायतदार : हायवे वनवरून पासो रोबल्सपर्यंत

आम्ही पाच जण निघणार होतो आणि त्यांत वाइन पिणारा माणूस एकच, माझा नवरा. वडील माळकरी. आईच्या लेखी वाइन म्हणजे दारू, आणि यावर तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकलेले नाही. मुलगा नऊ वर्षांचा. गाडी बहुतेक मीच चालवणार. तरीही कॅलिफोर्नियातल्या समुद्राकाठच्या प्रसिद्ध हायवे वनने जायचं आणि शेवट वाइनच्या मुलखात करायचा, हा हट्ट आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, होता.

तासगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. निम्मी थॉमसन, निम्मी तास-ए-गणेश, जो थॉमसनमधूनच आमच्या भागात निवडून काढलेला वाण. थॉमसनला ते नाव कॅलिफोर्नियात युबा सिटीच्या बाजूला विल्यम थॉमसन नावाच्या शेतकऱ्यामुळे मिळालं, हे आप्पांनी कुठल्याशा चर्चासत्रात ऐकलेलं. "ज्याच्या जिवावर घर उभं राहिलं त्याचं माहेर बघायचंय," असं ते फोनवर म्हणाले होते. युबा सिटी समुद्रापासून लांब, आमच्या वाटेवर कुठेच नाही. पण माहेर म्हणजे अख्खं कॅलिफोर्निया, असा अर्थ मी सोयीने लावला.

इथे सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला, जिथे आम्ही राहतो, ओळखीतल्या कुणाचे आईवडील भारतातून आले की "हायवे वन कसा केलात?" हा प्रश्न हमखास येतो आणि लोकांना उत्तरात एक तक्ता हवा असतो. माझ्याकडे तक्ता नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही काय ठरवलं, का ठरवलं आणि कुठे आपटलो, एवढंच सांगता येईल.

पहिला बेत नवऱ्याचा

त्याचा बेत साधा होता. आय-फाइव्हने एका दिवसात लॉस एंजेलिस गाठायचं, तिथून समुद्राच्या कडेकडेने वर यायचं, सॅन फ्रान्सिस्को ओलांडून वाइनसाठी प्रसिद्ध नापा व्हॅलीत शेवट. नकाशावर ही रेघ फार देखणी दिसते. हायवे वन दक्षिणेला डेना पॉइंटपासून उत्तरेला लेगेटपर्यंत ६५६ मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. त्यातला उत्तम भाग एका दोऱ्यात ओवल्यासारखा वाटतो.

मी आधी दिशेला हरकत घेतली. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि समुद्र पश्चिमेला. उत्तरेकडून दक्षिणेला निघालं तर समुद्र आपल्या उजव्या हाताला, आपल्याच बाजूला. थांबायच्या जागा, म्हणजे कड्याच्या टोकाशी केलेल्या खडीच्या पट्ट्या, बहुतेक समुद्राच्या बाजूलाच आहेत. दक्षिणेकडून वर येताना प्रत्येक थांब्याला समोरून येणारी वाहतूक कापून डावीकडे वळावं लागतं आणि निघताना पुन्हा तेच, तेही आंधळ्या वळणांवर. फोटोसाठी असं दहा वेळा करायची माझी तयारी नव्हती.

दिशा उलटली की शेवटही बदलतो, हे मात्र लगेच लक्षात आलं नव्हतं. उत्तरेकडून खाली आलं की नापा पाठीमागे राहतो. त्याचं मला दुःख झालं नाही. नापा आमच्या घरापासून सव्वा-दीड तासावर आहे, तो कुठल्याही रविवारी होतो. शिवाय तिथे टेस्टिंगचे, म्हणजे वाइन चाखायचे, दर पाहिले तर बऱ्याच ठिकाणी माणशी साठ-सत्तर डॉलर. एका पिणाऱ्यासाठी चार न पिणाऱ्यांनी गुळगुळीत हॉलमध्ये खुर्च्या अडवून बसायचं, हे आप्पांना दाखवायचं नव्हतं.

दक्षिणेला खाली वाइनचे दोन मुलूख लागतात. सांता बार्बराच्या मागची सांता इनेझ व्हॅली, आणि त्याच्या अलीकडे सॅन लुइस ओबिस्पो काउंटीतलं पासो रोबल्स. मी पासो निवडलं. ते समुद्रापासून सरळ रेषेत वीसेक मैल आत आहे आणि दोघांना जोडणारा ४६ नंबरचा रस्ता बागांच्या मधून जातो. म्हणजे एका मुक्कामावरून दोन्ही.

दरड

आता मूळ अडचण. कार्मेल ते सॅन सिमिऑन हा जवळपास नव्वद मैलांचा पट्टा, ज्याला बिग सर म्हणतात, तोच या रस्त्याचा जीव. आणि तोच तुटलेला होता. २०२४ च्या हिवाळी पावसात फेब्रुवारीत 'रीजंट्स स्लाइड' नावाची दरड आली. मार्चअखेर रॉकी क्रीकच्या पुलाजवळ समुद्राकडची एक लेन खचून खाली गेली. रॉकी क्रीकला मे महिन्यात सिग्नल लावून एका लेनवर ये-जा सुरू झाली, पण रीजंट्स स्लाइडचा साधारण सात मैलांचा तुकडा आमच्या प्रवासाच्या वेळीही बंदच होता.

आंबेनळी किंवा परशुराम घाट ज्यांनी पावसाळ्यात पाहिलाय त्यांना यात नवल वाटू नये. सांता लुसियाचे डोंगर सरळ समुद्रातून उठतात, खडक भुसभुशीत आणि चुरगळलेला, वरून पाऊस मुरतो आणि खालून लाटा पायथा खातात. हा रस्ता करायला अठरा वर्षं लागली, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातले कैदी त्यावर राबले, १९३७ मध्ये तो खुला झाला आणि तेव्हापासून डोंगर त्याला अधूनमधून समुद्रात ढकलतोय. मे २०१७ मध्ये मड क्रीकला डोंगराचा एवढा तुकडा खाली आला की समुद्रात नवी जमीन तयार झाली. रस्ता पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. त्यामुळे "यंदा बंद आहे, पुढच्या वर्षी जाऊ" याला तिथे फारसा अर्थ नाही. बंद असतानाच कसं जायचं, हा खरा प्रश्न.

मी कॅलट्रान्सचं, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचं, क्विकमॅप उघडलं, बंद तुकड्याची दोन टोकं कागदावर लिहून घेतली आणि मग एक गंमत दिसली. कार्मेलहून सॅन सिमिऑनच्या खालच्या कँब्रियाला हायवे वनने, रस्ता चालू असताना, न थांबता अडीच तास लागतात. तेच मागे येऊन सलिनास गाठून १०१ नंबरच्या हायवेने खाली गेलं आणि ४६ ने समुद्राकडे वळलं तर मैल दीडशेच्या घरात जातात, पण वेळ जवळपास तेवढाच, कारण १०१ सरळ आणि वेगवान. वेळ फारसा वाया जात नव्हताच. मोडत होती ती फक्त नकाशावरची अखंड रेघ, आणि तिच्यात नवऱ्याचा जीव अडकला होता.

मी रेघ सोडली. मुक्काम दोन धरले. कार्मेलशेजारच्या मॉन्टेरेला दोन रात्री, तिथून बिग सरला उत्तरेच्या टोकाने जाऊन परत यायचं. मग १०१ ने पासो, तिथे दोन रात्री, आणि तिथून ४६ ने समुद्राचा दक्षिणेकडचा तुकडा. "म्हणजे आपण हायवे वन केला असं म्हणता येणार नाही," नवरा म्हणाला. म्हणू नकोस, मी म्हटलं.

तारखांचा गुंता

यात सगळ्यात जास्त वेळ गेला. किनाऱ्यावर जून-जुलैत धुकं बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यांत स्वच्छ. पासोला काढणीही त्याच वेळी. इथपर्यंत सोपं.

पण आप्पांची ऑक्टोबर छाटणी. आपल्याकडे वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि दुसरी चुकली की वर्ष गेलं. ते दोन ऑक्टोबरच्या विमानाने परत जाणार होते, त्यापुढे एक दिवस नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा लेबर डेच्या सुट्टीच्या गर्दीत. सातला गणपती, मग गौरी. गौरी गेल्यावर शनिवार-रविवार धरून जाता आलं असतं, पण बिग सरला शनिवार-रविवारी बिक्सबी पुलापाशी गाड्यांची रांग लागते, म्हणून मला तिथला दिवस आठवड्याच्या मधला हवा होता. उरला बुधवार १८ ते रविवार २२.

"अठराला पितृपक्ष लागतोय," आईने कालनिर्णयवर बोट ठेवून सांगितलं. पुण्याहून बॅगेत आलेलं कालनिर्णय. "पितरांच्या दिवसांत माणसं देवाला जात नाहीत, आणि तू आम्हाला दारूच्या गावाला नेतीस."

"आगं, बागा बघाया चाललोय," आप्पा म्हणाले.

आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, तिथी अष्टमीची. ती रविवारनंतर येत होती. तिच्या आत घरी परत, या अटीवर आईने होकार दिला. मुलाच्या शाळेला तीन दिवस दांडी, हा त्या घरातला एकमेव बिनविरोध ठराव.

बुधवार, गुरुवार

बुधवारचं थोडक्यात सांगते. हायवे १७ ने सांताक्रूझ, तिथे समुद्र लागला. दुपारी मॉस लँडिंगच्या बंदरात समुद्री ऊदमांजरं पाहिली. पाठीवर पडून, पोटावर शिंपला ठेवून दगडाने फोडत होती. पैसे पडले नाहीत. मुलगा तिथून हलेना. फरसाठी त्यांची एवढी शिकार झाली होती की कॅलिफोर्नियात ती संपली असंच लोक धरून चालले होते. १९३८ मध्ये बिक्सबी क्रीकच्या मुखाशी एक लहानसा कळप दिसला, त्याचीच ही पिल्लावळ. रस्ता खुला झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी.

गुरुवारची तयारी मात्र नीट केली होती. आईला गाडी लागते. म्हणून ती पुढे, मी चालवणार, नवरा मागे, आणि त्याला बाटलीतला आलेपाक वाटायचं काम. डबा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही-भाताचा, कारण बिग सरमध्ये खाणं महाग आणि शाकाहारी माणसाला तेच ते फ्राइज. पेट्रोल कार्मेलला भरून घेतलं, पुढे दर गगनाला भिडलेले. पुढचे काही तास फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवलेला. आणि माझा एक नियम : जाताना, समुद्र उजवीकडे असताना, हवं तिथे थांबायचं. येताना कुठेही नाही. आईची वळणं दुप्पट होणार होती, निदान परतीची एका दमात.

गर्दी टाळायला सकाळी साडेसातला कार्मेल सोडलं आणि इथेच माझं शहाणपण उताणं पडलं. सप्टेंबर स्वच्छ असतो, पण सकाळ सप्टेंबरची असली तरी समुद्राचीच असते. रॉकी क्रीकच्या सिग्नलला सात-आठ मिनिटं थांबलो. पुढे बिक्सबीचा पूल, १९३२ चा, काँक्रीटच्या एकाच कमानीवर दरीच्या ऐंशीएक मीटर वर उभा. आम्हाला त्याचे कठडे दिसले. बाकी सगळं दूध.

"पूल हाय ना नक्की?" आप्पांनी विचारलं.

पुढे जात राहिलो. बिग सर गावापाशी रेडवूडच्या सावलीत चहा झाला, थर्मासमधला. साडेदहाला धुकं वर उचलायला लागलं, तंबूची कनात गुंडाळावी तसं, आणि खाली एकदम निळा समुद्र, फेसाची रेघ, काळे खडक. मॅकवे फॉल्सला पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. ऐंशी फुटांवरून पाणी थेट वाळूवर पडतं. पूर्वी ते समुद्रातच पडायचं. १९८३ मध्ये जवळच मोठी दरड आली, तिची माती लाटांनी आत ढकलली आणि धबधब्याखाली पुळण तयार झाली. पोस्टरवर दिसणारी ती सुंदर पुळण दरडीची आहे, हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आपला रस्ता खाल्लेल्या दरडीचं पण काहीतरी होईल." मॅकवेपासून थोडं पुढे रस्ता बंदच होता. तिथून वळलो.

परतताना बिक्सबी ऐन दुपारच्या उन्हात, संपूर्ण, समोर. आणि माझा नियम : येताना थांबायचं नाही. बघण्याची जागा डाव्या हाताला, मधून गाड्यांची रांग. मी पुढे गेले. गाडीत कुणी बोलेना. अर्ध्या मैलावर आप्पा हळूच म्हणाले, "परत कवा येणार आम्ही?"

दोन मैल वर जाऊन एका बाजूच्या रस्त्याच्या तोंडाशी नीट वळले आणि पुन्हा दक्षिणेला, समुद्र उजवीकडे घेऊन, पुलाशी आले. थांबलो. फोटो झाले. मग पुलापलीकडे वळून पुन्हा उत्तरेला. त्या रॉकी क्रीकच्या सिग्नलला आम्ही दिवसात चार वेळा उभे राहिलो. शेवटच्या वेळी मुलाने त्याला हात केला. आईला चौथ्या फेरीनंतर व्हायचं ते झालंच, गरापाटाच्या जवळ. आज पुन्हा आखला तर निघायची वेळ साडेनऊची ठेवीन आणि गर्दी सोसेन.

शुक्रवार : एका तासात दोन ऋतू

सलिनासच्या खोऱ्यातून १०१ खाली येतो. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल लेट्यूस, ब्रोकोली, आणि वाकलेल्या माणसांच्या रांगा. आप्पा या दोन तासांत हायवे वनपेक्षा जास्त बोलले. ठिबक कुठे आहे, तुषार कुठे, गादीवाफा किती रुंद. ज्यांना हा रस्ता कंटाळवाणा वाटतो त्यांच्याबरोबर शेतकरी नसतो.

पासोला दुपारी बारा वाजता गाडीने ९६ अंश फॅरनहाइट दाखवलं, म्हणजे आपले पस्तीस-छत्तीस. खोल्या तीन वाजल्याशिवाय मिळणार नव्हत्या. तसंच ४६ वेस्ट धरला. बागा, ओकची झाडं, वाळलेल्या गवताच्या सोनेरी टेकड्या, मग रस्ता एका खिंडीसारख्या जागेवर येतो आणि एकदम खाली मोरो बे आणि समुद्र. कँब्रियाला उतरलो तेव्हा ६४ अंश. आईने शाल काढली. तीस मैलांत बत्तीस अंशांचा फरक, म्हणजे आपले अठरा.

हाच फरक पासोच्या द्राक्षाचं भांडवल आहे. किनाऱ्याच्या डोंगररांगेत टेंपल्टन गॅप नावाची फट आहे, तिच्यातून संध्याकाळी समुद्राची गार हवा आत शिरते. दिवसा शंभर अंशांच्या आसपास, रात्री पन्नास. दिवसा साखर भरते, रात्री आंबटपणा टिकतो. आप्पांनी हे दोन वाक्यांत समजून घेतलं आणि तिसऱ्यात म्हणाले, "आपल्याकडं थंडी पडली की मणी फुगत न्हाई म्हणून रडतो, ही माणसं थंडीसाठी पैसं मोजत्यात."

कँब्रियाला मूनस्टोन बीचवर लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे. आप्पांच्या गुडघ्याला ती मानवली. हर्स्ट कॅसल हा टेकडीवरचा वाडा मी मुद्दाम वगळला. वास्तुविशारद जूलिया मॉर्गनचं काम बघण्यासारखं आहे, पण नेहमीच्या फेरीत पायऱ्या फार. त्याऐवजी पुढे पिएड्रास ब्लांकासला एलिफंट सील पाहिले. मोठे नर हिवाळ्यात येतात, सप्टेंबरात तरणी पोरं. वाळूत पसरलेली, एकमेकांवर ओरडत. हे बघायलाही तिकीट नाही.

शनिवार : बाग

इथे वाइनचा भाग येतो आणि आखणीतलं माझं सगळ्यात उपयोगी पडलेलं काम एक ईमेल होतं. पासोला दोनशेच्या वर वायनरी आहेत. मोठ्या सगळ्या एका साच्याच्या. मी पश्चिमेकडच्या पाच लहान, घरच्या मालकीच्या जागांना लिहिलं : वडील भारतात द्राक्ष पिकवतात, पीत नाहीत, वेल बघायचे आहेत, पैसे देऊ. तिघांनी उत्तर दिलं नाही. एकीने टेस्टिंगची लिंक पाठवली. पाचवीचं उत्तर दोन ओळींचं : शनिवारी काढणी आहे. सहाच्या आत या, बूट घाला.

पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. साडेपाचला निघालो तेव्हा चंद्र वर होता आणि दूर टेकडीच्या उतारावर दिव्यांचा एक पुंजका हलत होता. तिथे काढणी रात्री, पहाटे करतात. फळ गार राहतं, माणसंही. ट्रॅक्टरवर दिवे, माणसांच्या कपाळावर दिवे. आठ-दहा जण, सगळे मेक्सिकन, हातात वाकडा छोटा विळा. घड पकडला, ओढला, टबात. टब डोक्यावर, धावत ट्रॅक्टरकडे, पेटाऱ्यात पालथा. त्यात पानंही, काड्याही.

आप्पा बांधावर थिजून उभे होते. आमच्याकडे निर्यातीचा घड देठाला धरून कात्रीने कापतात, मण्यावरची पांढरी झाक बोटाने पुसली जाऊ नये म्हणून. "ही द्राक्षं काढत्यात का कडबा कापत्यात?"

उजाडल्यावर मालकीणबाई आल्या. साठीच्या, गुडघ्यापर्यंत चिखल. पुढचा तासभर मी नुसती दुभाषी होते. त्यांचा जुना तुकडा झिनफँडेल या वाइनच्या द्राक्षाचा. तारा नाहीत, मांडव नाही, प्रत्येक वेल कमरेएवढं बुटकं झुडूप होऊन एकटं उभं. आप्पांनी ठिबकची नळी शोधली. सापडली नाही.

"पाणी?"

नाही देत. हिवाळ्यात पडतं तेवढंच. चुनखडीची जमीन आहे, खालची ओल धरून ठेवते.

"कोरडवाहू द्राक्ष," आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. मी भाषांतर केलं नाही. मग म्हणाले, "चुनखडीत आमची पानं पिवळी पडत्यात, हिला लोह द्यावं लागत न्हाई का?" बाई म्हणाल्या, काही खुंटांवर, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात त्यांवर, पडतात, म्हणून खुंट बघून निवडतो. मग छाटणी. इथे एकदाच, हिवाळ्यात वेल झोपला की. आपल्याकडे तो झोपतच नाही, आपण वर्षातून दोनदा कापतो, हे ऐकून बाईंनी ते मला परत विचारलं. भुरी हा बुरशीचा रोग तिकडेही येतो, गंधक मारतात. दुसरा, डावणी, नाही.

"न्हाईच?"

उन्हाळ्यात पाऊसच पडत नाही, तर कुठून येणार. आप्पा गप्प झाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीत रात्रीतून डावणी येते आणि सकाळी औषधाच्या दुकानात रांग लागते, तो खर्च ते मनातल्या मनात वजा करत असणार. एकरी माल विचारला तर दीड-दोन टन. आमच्याकडे आठ-दहा. दर विचारला, तर विकतच नाही, स्वतःच वाइन करून इथेच विकते. "म्हणजे मधी व्यापारीच न्हाई," ते म्हणाले. आमच्या गावात माल नेऊन पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्याची गोष्ट घरटी एक आहे.

बाईंनी एक घड तोडून त्यांच्या हातात दिला. काळाभोर, मणी लहान, काही सुकायला लागलेले. माळ चाचपत त्यांनी एक मणी तोंडात टाकला, साल चावली, बी फोडली.

"बेदाण्याला आलाय माल."

मी सांगितलं. बाईंनी खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, मणी पिळून थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून आप्पांना दिला. पंचवीस ब्रिक्स. आमच्याकडे अठराला खायच्या द्राक्षाची गाडी भरते, बेदाण्यासाठी बावीसच्या पुढे थांबतात. दोघंही एकदम हसले. त्यानंतर माझी फारशी गरज उरली नाही.

नवऱ्याने तिथेच लाकडी टेबलावर पाच घोट चाखले. तीस मिलिलिटरचा एक घोट धरला तर पाचांचा मिळून एक पूर्ण ग्लास होतो. तीन जागा म्हणजे तीन ग्लास. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के. चालक आधीच वेगळा ठरवलेला नसेल तर हे गणित जागेवर सुचत नाही. तीस डॉलर झाले, दोन बाटल्या घेतल्यावर ते माफ.

दुपारची दुसरी जागा मात्र माझी चूक. आरक्षण केलं, फोटो बघितले, खालची बारीक ओळ वाचली नाही : एकवीसच्या आतल्यांना प्रवेश नाही, मोठ्यांबरोबर असले तरी. दारातून परत. नवऱ्याला आत सोडलं, बाकी आम्ही चौघं पासोच्या चौकातल्या बागेत ओकखाली उरलेल्या दशम्या खात बसलो. तो अर्ध्या तासात आला. एकट्याला चव लागत नाही म्हणाला.

सगळ्याचा खर्च चार रात्री, पेट्रोल, खाणं धरून हजार-अकराशे डॉलर झाला. त्यातला वाइनचा वाटा सगळ्यात छोटा.

रविवारी सकाळी डबे धुताना शीतपेटीत मला एक अनोळखी डबा दिसला. उघडला तर आत ओल्या रुमालात गुंडाळलेला झिनफँडेलचा घड.

"असू दे तो," आई म्हणाली. "अष्टमीला आबांच्या पानात ठेवू. तासगावात पहिला वेल त्यांनीच लावलेला."

"मणी सोडवू नगंस," आप्पा गाडीतून म्हणाले. "घड तसाच ठेव."